आत उघडणारं दार

बावीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत आले आणि बावीस वर्षं मला एकच उत्तर येत राहिलं. प्रश्न असा: 'या कथेतील उपरोधाचा वापर स्पष्ट करा. गुण दहा.' उत्तराचे सहा मुद्दे. मुद्दे मीच काढलेले, नमुना उत्तर मीच लिहिलेलं, आणि दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक मार्गदर्शकात ते माझं नाव गाळून छापलेलं. मुलं ते घोकतात, परीक्षेत ओकतात, आणि परीक्षक मुद्दे मोजून गुण देतात. सहाच्या सहा आले तर आठ गुण. नऊ आणि दहा आम्ही देत नाही, तशी आमच्या हाताला सवयच नाही.

माझा नवरा याची फार थट्टा करतो. भाजीची यादी पाच वस्तूंची झाली की म्हणतो, "बाईसाहेब, सहावा मुद्दा राहिला." मी लक्ष देत नाही. एखाद्या कथेचा असा पक्का बंदोबस्त करून ठेवलेला असला की बरं असतं, असंच मला वाटायचं.

कथा जुनी आहे, भीतीच्या कथांमधली नावाजलेली. एकाकी घर, घरात भाऊ आणि बहीण. बहिणीने लग्न करून घराचा वाटा नेऊ नये म्हणून भाऊ तिला वरच्या खोलीत कोंडतो. ती वारली असं सगळ्यांना सांगून रिकामी शवपेटी पुरतो, तिच्या नावाचा दगडही उभा करतो. तिला कोंडण्याआधीच त्याने सुताराकडून खोलीला चार बोटं जाडीचं नवं दार बसवून घेतलेलं असतं, आणि त्या दारात एक भलंमोठं कुलूप, ज्याची जीभ चौकटीत शिरते. त्या कुलपाचं वर्णनच दीड पान आहे. किल्ली त्याच्या गळ्यात. पण मन निर्धास्त होईना म्हणून तो दारासमोर खुर्ची टाकून बसतो. दिवसा फटीतून तिला ताट सरकवतो, रात्री तिथेच डोळा मिटतो. आणि महिनाभरातच घरात कोणीतरी वावरू लागतं. खाली पियानो वाजतो, दूध कमी होतं, बागेतली फुलं खुडलेली दिसतात. तो दर वेळी उठून कुलूप चाचपतो. कुलूप जागच्या जागी असतं. मग हे भूत कोणाचं? जिला आपण खोटंच पुरलं तिचं? एकोणीस वर्षं तो त्या खुर्चीत झिजतो आणि तिथेच मरतो. माणसं येतात, त्याच्या गळ्यातली किल्ली काढून कुलपात फिरवतात, तर ते अवजड दार आतल्या बाजूला धाडकन कोसळतं. खोली रिकामी. अंथरूण नीट घातलेलं. टेबलावर एक चमचा, दांडी झिजून निम्मी झालेला. इथे कथा संपते.

माझा पहिला मुद्दा: कोंडणाराच प्रतीकात्मक अर्थाने कैदी होतो. पाचवा: झिजलेला चमचा म्हणजे बहिणीच्या सोशिकतेचं प्रतीक. सहावा: दार कोसळणं म्हणजे अलौकिक शक्तीने केलेला न्याय. मधले तीन सांगत बसत नाही. तेही याच जातीचे आहेत.

त्या शनिवारी परीक्षा विभागाने मला फेरतपासणीला बोलावलं होतं. हे काम मला आवडत नाही. लांबट खोली, कपाटांवर धूळ, टेबलावर सुतळीने बांधलेले गठ्ठे, आणि पंखा लावला की कागद उडतात म्हणून बंद ठेवलेला पंखा. ज्या उमेदवाराला गुण पटले नाहीत त्याचा पेपर फेरपरीक्षक आधी वाचतो आणि मग उमेदवाराला समोर बसवून निकाल सांगतो. पाच गुणांपर्यंत वाढ फेरपरीक्षकाच्या एका सहीने होते. त्याहून जास्त द्यायचे असतील तर पेपर समितीपुढे जातो, आणि समितीपुढे गेलेला कागद तीन-चार महिने तरी उजेड बघत नाही.

पहिलाच पेपर उघडला. सोबतच्या अर्जावर लिहिलं होतं: वय त्रेचाळीस, तंत्रशाळेत सुतारकाम विभागात रोजंदारीवर मदतनीस. कायम शिक्षिका व्हायचं तर पदवी हवी, आणि गुणपत्रिका येत्या शुक्रवारपर्यंत दाखवायला हवी. प्रयत्न तिसरा. नियमाप्रमाणे शेवटचा. ही बाई या एका पेपरात पाच गुणांनी नापास होती.

माझा प्रश्न तिने सोडवला होता, पण त्याखाली तांबड्या शाईत शेरा होता: 'विषयांतर. मुद्दे नाहीत. शून्य.' तिचं उत्तर असं होतं:

'दुसऱ्या पानावर लिहिलंय की दार आत उघडतं. आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतल्या अंगाला असतात. म्हणजे जिला कोंडायचं तिच्याच हातात दाराची एक बाजू दिली. भावाने फक्त कुलूप बघितलं. चमच्याची दांडी झिजली आहे. जेवून जेवून चमच्याचं तोंड झिजतं, दांडी नाही. दांडीने तिने बिजागऱ्यांच्या पिना खालून वर ढकलल्या. पिना निघाल्या की दार त्या बाजूने आत ओढता येतं आणि कुलपाची जीभ आपोआप चौकटीतून सुटते. ती रोज रात्री बाहेर जात होती. भूत नव्हतं. शेवटी गेली तेव्हाही नेहमीसारखं दार बाहेरून ओढून घेतलं, पण पिना बाहेरून बसत नाहीत. दार नुसतं कुलपाच्या जिभेवर उभं राहिलं. किल्ली फिरवल्यावर जीभ मागे गेली आणि दार पडलं. सगळे कुलपाकडे बघत राहिले आणि दार दुसऱ्या बाजूने उघडत होतं. हा उपरोध.'

मी ते एकदा वाचलं. मग पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. मग कपाटातून पाठ्यपुस्तक काढलं आणि दुसरं पान उघडलं. 'दार आत उघडत असे.' चार शब्द, एका लांब वाक्याच्या शेपटाला. बावीस वर्षं त्या शब्दांवरून माझी नजर घसरत आली होती. शेवटचं पान उघडलं. 'दांडी झिजून निम्मी झालेला चमचा.' दांडीच म्हटलं होतं. माझ्या नमुना उत्तरात मी 'झिजलेला चमचा' एवढंच लिहिलं होतं, दांडी मी स्वतःच्या हाताने खाल्ली होती.

खोटं कशाला सांगू, आधी मला राग आला. आपल्या घरातली वस्तू पाहुण्याने शोधून द्यावी तसा राग. मग म्हटलं, हे सगळं कागदावर ठीक आहे. चमच्याच्या दांडीने दार निघतं, हे कोण म्हणतं?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मला जरा अडगळीच्या खोलीत कोंडा."

त्याने वर्तमानपत्र खाली केलं. "चाळीस वर्षं मनात होतं माझ्या, पण तू आपण होऊन म्हणशील असं वाटलं नव्हतं."

"चेष्टा पुरे. बाहेरून कुलूप लावा. किल्ली तुमच्याकडे ठेवा. आणि दारासमोर बसून राहा."

"किती वेळ?"

"मी हाक मारेपर्यंत."

आमच्या अडगळीच्या खोलीचं दार आत उघडतं. हे मला त्या दिवशी दारासमोर उभं राहिल्यावर कळलं. तीस वर्षं त्या दारातून मी सुटकेसा, गाद्या आणि पोरांचे पाळणे आत-बाहेर केले असतील. नवऱ्याने खुर्ची ओढली, किल्ली फिरवली आणि बाहेरून म्हणाला, "आता कैद्याने शांतता राखावी."

आत दिवा होता, हातात चमचा होता. दाराला बिजागऱ्या दोन, एक गुडघ्याशी आणि एक डोक्याच्या वर. दोन्हींवर रंगाचे थर. खालच्या पिनेला मी दांडी लावली आणि चपलेने ठोकलं.

"काय चाललंय?" बाहेरून आवाज.

"काही नाही. तुम्ही पेपर वाचा."

रंग खरवडण्यात बराच वेळ गेला. कंबर भरून आली. मग एकदम, काहीही आवाज न करता, पिन एका नखाएवढी वर सरकली. लोखंड काळं होतं, पण पिनेचा जो भाग बाहेर आला तो चकचकीत होता. मी नुसती बघत बसले. एवढी मोठी खोली, एवढं दार, एवढं कुलूप, आणि सगळं या दोन बोटं लांबीच्या सळईवर! ती उपसून मी पदरात ठेवली. वरची पिन काढायला जुन्या ट्रंकेवर चढावं लागलं. मग दोन्ही हातांनी बिजागरीच्या बाजूने दार धरून आत ओढलं. ते करकरलं, अडलं, आणि मग कुलपाची जीभ चौकटीतून सुटून बाहेर आली. दार माझ्या हातात आलं.

मी ते भिंतीला टेकवलं आणि उंबऱ्यावर आले.

नवरा खुर्चीत झोपला होता. वर्तमानपत्र मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि किल्ली डाव्या मुठीत घट्ट. तोंड थोडं उघडं. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि त्याच्या लेखी मी आत होते.

मला तिथून हलवेना. हा माणूस मी रोज झोपलेला बघते, पण असा कधी पाहिला नव्हता. तो राखण करत होता आणि त्याच्याकडे राखायला काही उरलंच नव्हतं. मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले. चहा केला, एक कपच. खिडकीशी उभी राहून सावकाश प्यायले. माझ्याच घरात, माझ्याच कपात, आणि तरी असा मोकळा चहा मी आजवर प्यायले नव्हते. कप धुऊन जागेवर ठेवला. पुन्हा त्याच्या समोरून आत गेले, दार उचलून जीभ आधी भोकात घातली, घाम निथळेपर्यंत बिजागऱ्या जुळवल्या आणि पिना सोडल्या. मग हाक मारली.

तो दचकून उठला. किल्ली फिरवली आणि ऐटीत म्हणाला, "बघ. कुलूप माझ्या वडिलांच्या वेळचं आहे. माशी बाहेर येणार नाही."

"खरंच नाही आली," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, मी त्याला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळभर तो मधूनमधून खुशीत हसत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. हसता हसता जराशी भीतीही वाटत होती.

सोमवारी अकराला ती आली. ठेंगणी, रुंद खांद्यांची, केस घट्ट बांधलेले, बोटांना जुने कापल्याचे पांढरे वण. नमस्कार करून बसली. बसण्याआधी तिने खुर्ची हलवून बघितली. एक पाय आखूड होता. तिने खिशातून कागदाची घडी काढून पायाखाली सारली आणि मग टेकली.

"उत्तर तुम्हीच लिहिलंय?" मी माझा परीक्षेतला आवाज काढला.

"हो बाई."

"पाठ्यपुस्तकात, मार्गदर्शकात हे कुठेच नाही."

"कथेत आहे ना. दाराचं मी बाहेरून काही आणलं नाही. माझे वडील दारं बसवायचे, आता मी बसवते. गिऱ्हाईक आलं की कुलूप निवडायला तास लावतं. दार आत उघडणारं करू की बाहेर, हे विचारलं तर म्हणतं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. त्या कथेतल्या सुताराला कोणीच विचारलं नसणार. नाहीतर त्याला विचारलं असेल आणि त्याने मुद्दाम तसं बसवलं असेल."

हे मला सुचलं नव्हतं. कथेत सुतार एका ओळीपुरता येतो आणि जातो. त्या ओळीत तो बहिणीकडे बघून टोपी काढतो, एवढंच आहे. त्या टोपीवरही मी कधी थांबले नव्हते. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी हे सगळं शब्द मोजून मांडून ठेवलं होतं, आणि मी त्यावर सहा मुद्द्यांचा लेप दिला होता.

पण शिक्षकाची खोड जात नाही. रविवारपासून एक प्रश्न मनात धरून ठेवला होता, तो मी बाहेर काढला. "तुमचं सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट बसत नाही. पहिल्याच महिन्यात तिला बाहेर पडता येत होतं ना? मग ती रोज परत का आली? एकोणीस वर्षं? पळून का गेली नाही?"

तिने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, सापडली. मग म्हणाली, "हे मी लिहिलं नाही, कारण ते कथेत सरळ लिहिलेलं नाही. पण मला वाटतं ते सांगू का?"

"सांगा."

"ती गेली असती तर सकाळी त्याला कळलं असतं. मग तो उठला असता. दोन दिवस शोधलं असतं, नाहीतर तेही नाही, कारण सगळ्यांच्या लेखी ती मेलेलीच होती. नंतर घर त्याचं, बाग त्याची, चार माणसांत मान त्याचा. ती रोज परत येऊन आत बसली म्हणून तो खुर्चीतून उठला नाही. रात्रभर घर तिचं होतं. पियानो, बाग, दूध, सगळं. त्याच्याकडे काय होतं? एक खुर्ची. तिने रोज पहाटे पिना बसवल्या त्या स्वतःला कोंडून घ्यायला नाही, बाई. त्याला कोंडायला."

मला आमच्या खिडकीशी प्यायलेला तो चहा आठवला, त्या चहाची चव आठवली.

"आणि शेवटी?" मी विचारलं. माझा आवाज आता परीक्षेतला राहिला नव्हता.

"एका रात्री ती बाहेर आली तेव्हा तो खुर्चीत गेलेला होता. मग परत आत जायचं कारणच उरलं नाही."

माझा पहिला मुद्दा, 'कोंडणाराच प्रतीकात्मक अर्थाने कैदी होतो', मी किती अभिमानाने फळ्यावर लिहीत आले होते! प्रतीकात्मक कसलं? तिने त्याला खरोखरचं कोंडलं होतं. दोन पिना आणि एक चमचा घेऊन, त्याच्याच कुलपाने, त्याच्याच गळ्यात किल्ली ठेवून. आणि लेखकाने हे कुठेही न बोलता आमच्या समोर ठेवलं होतं, आमच्यातलं कोण बघतंय ते पाहत. मला त्या क्षणी त्या लेखकाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि समोरच्या या बाईच्याही.

"मी तुम्हाला दहापैकी दहा देणार आहे," मी म्हटलं. "आजवर कोणाला दिले नाहीत."

तिचे डोळे क्षणभर चमकले. मग ती म्हणाली, "दहा दिले तर काय होईल?"

मी तिला सांगितलं. समिती, तीन-चार महिने, नमुना उत्तर दुरुस्त करावं लागेल, वाद होईल. तिचा शुक्रवार जाईल. जागा दुसऱ्या कोणाला मिळेल. आणि समिती म्हणाली, बाईंचं डोकं फिरलंय, तर शून्य तसंच राहील आणि तिला चौथा प्रयत्न नाही.

तेवढ्यात विभागप्रमुख शिक्का घेऊन आत आले. त्यांनी उत्तरावर आणि नमुना उत्तरावर एकेक नजर टाकली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, कशाला घोळ घालता? मुद्दा क्रमांक एकमध्ये बसवा, सविस्तर म्हणून पाच द्या, सही करा. बाहेर अजून चाळीस जण आहेत."

"हे एका मुद्द्यात बसवायचं? अहो, हे त्या सगळ्या मुद्द्यांना उलटं करणारं आहे!"

"म्हणून तर म्हणतो, पाचच द्या," ते म्हणाले आणि गेले. त्यांचा शिक्का मात्र टेबलावर राहिला.

मी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा. हे उत्तर पाचाचं नाही. पाच दिले तर मी खोटं लिहीन, की तुम्ही माझा पहिला मुद्दा लिहिलाय. दहा दिले तर खरं लिहीन, पण तुमची जागा पणाला लागेल."

मला मनापासून वाटत होतं की तिने दहा मागावेत. माझी बावीस वर्षं मोडीत निघाली असती तरी चाललं असतं. निदान एकदा तरी कोणाच्या तरी पेपरावर खरं लिहिलं असतं.

ती म्हणाली, "पाच द्या बाई. मला कायम व्हायचंय. सहा वर्षं मी त्या कार्यशाळेत मुलांना रंधा धरायला शिकवतेय आणि हजेरीपटावर माझं नाव मदतनीस म्हणून आहे. माझी मुलगी विचारते, आई, तू शिक्षिका आहेस की नाही? तिला शुक्रवारी उत्तर द्यायचंय."

माझ्या तोंडची चव गेली, पण तिचं चूक नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'मुद्दा क्र. १ आढळला, सविस्तर. गुण ५.' सही केली. शिक्का मारला. ती पास झाली. तिने कागद दोन्ही हातांनी घेतला, आकडा पुन्हा पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

ती दारापर्यंत गेली तेव्हा मला राहवलं नाही. "थांबा. हा तिसरा प्रयत्न ना? आधीच्या दोन वेळी काय लिहिलं होतं?"

"हेच."

"दोन्ही वेळा शून्य?"

"दोन्ही वेळा."

"मग मार्गदर्शकातले सहा मुद्दे का लिहिले नाहीत? पहिल्याच वेळी सुटला असतात. तुमच्यासारख्या हुशार बाईला ते कळलं नाही?"

ती हसली. "कळलं होतं की. आमचे सगळे हेच सांगत होते. आम्ही तंत्रशाळेतले आठ जण एकदमच परीक्षेला बसलो होतो. सुतारकामातले, कुलूप विभागातले, दोघी लोहारकामातल्या. जेवणाच्या सुट्टीत कथा मोठ्याने वाचली. कुलूपवाले काका तर दुसऱ्याच पानावर हसायला लागले. म्हणाले, एवढं कुलूप रंगवलंय म्हणजे कुलपात काही नाही, बिजागऱ्या बघा. चमचा आला तेव्हा सगळ्यांनी एकदम टेबलावर थाप मारली."

मला नीट समजायला वेळ लागला. "म्हणजे आठही जणांना माहीत होतं?"

"हो तर. दार बघणाऱ्या कोणालाही कळेल ते."

"आणि बाकीच्या सात जणांनी काय लिहिलं?"

"सहा मुद्दे," ती म्हणाली. "मला म्हणाले, तपासणाऱ्यांना जे हवंय ते देऊन टाक आणि बाहेर पड. त्यांना वाटू दे, सगळं बंदोबस्तात आहे. सगळे पहिल्या वेळीच पास झाले. सात-सात, आठ-आठ गुण पडले. माझ्याच्याने होईना. मला वाटायचं, कधीतरी कोणीतरी वाचेल." मग तिने माझा चेहरा बघितला असावा, कारण ती घाईने म्हणाली, "तुम्ही वाचलंत, बाई." नमस्कार करून ती गेली.

ते आठ जण पहिल्यांदा बसले त्या वर्षी या प्रश्नाचं मुख्य परीक्षण माझ्याकडे होतं. ते सात पेपर माझ्या हाताखालून गेले होते, तिचा मात्र दुसऱ्या कोणा परीक्षकाकडे गेला असावा. सुबक सहा मुद्दे, समासात माझ्या बरोबरच्या खुणा, शेवटी माझे आठ गुण. मी खुशीत असणार. माझ्या नाकासमोरून सात माणसं सगळं माहीत असून निघून गेली, आणि मी त्यांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. आणि ती सातच कशावरून? बावीस वर्षांत किती सुतारांची, लोहारांची, गवंड्यांची मुलं माझ्यासमोरून गेली असतील? किती जणांनी ते दार पहिल्याच वाचनात उघडलं असेल आणि मग शहाण्यासारखं माझं उत्तर मला परत दिलं असेल?

मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, त्याला काय म्हणावं ते अजून ठरत नाही. एवढ्या माणसांना माहीत असलेली गोष्ट माझ्याभोवती इतकी वर्षं इतक्या शांतपणे नांदत होती, याने माझी मान आपोआप खाली गेली.

बाहेर चाळीस जण थांबले होते. शिपाई म्हणाला, "पुढचा पाठवू का?" मी म्हटलं, "दहा मिनिटं थांब." गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि वरचा पेपर काढला. माझाच प्रश्न. सहा मुद्दे, क्रमाने, प्रत्येकाखाली पट्टीने ओढलेली रेघ. एरवी मी अर्ध्या मिनिटात आठ लिहून पान उलटलं असतं. त्या दिवशी मी चष्मा पुसला, खाली वाकले आणि एकेक शब्द वाचायला लागले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अक्षर शांत होतं, शब्द माझेच होते, आणि हे लिहिणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं, ते मला काही केल्या ओळखता येईना.